समुद्र नसलेल्या जिल्ह्यातले समुद्राचे फोटो

(जिल्ह्यातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचा एक प्रश्न आणि त्याचं उत्तर जोडलं आहे.)



विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला रस्त्यात अडवून विचारलं, "सर, नंदुरबारचा आणि समुद्राचा काय संबंध?" प्रश्न बरोबर आहे. आपल्या जिल्ह्याच्या एका अंगाला सातपुडा आहे, दुसऱ्या अंगाला सपाट काळी जमीन आहे. उत्तर सीमेवर नर्मदा, मधून तापी. समुद्र कुठेच नाही. मुंबई इथून चारशे किलोमीटरच्या आसपास. पण मी तुम्हाला एक साधी गोष्ट करायला सांगतो. आज घरी गेल्यावर जुना अल्बम काढा आणि मग घरातल्या तरुण पोराचा मोबाईल मागा. दोन्हीत तुम्हाला समुद्र सापडेल. ज्या जिल्ह्यात समुद्र नाही, तिथल्या घराघरांत समुद्राचे फोटो आहेत. हे कसं झालं आणि त्या फोटोंचा अर्थ काय, एवढाच आजचा विषय आहे. बोलता बोलता मला माझी एक चूकही सांगायची आहे, ती शेवटी सांगतो.

आधी संबंधाचं बोलू. आपली तापी मुलताईला उगम पावते आणि 724 किलोमीटर वाहून सुरतेच्या खाली अरबी समुद्राला मिळते. म्हणजे प्रकाशाच्या घाटावर सोडलेला दिवा, वाटेत उकाईचं धरण नसतं तर, कधीतरी समुद्रात गेला असता. मुघल काळात सुरत हे देशातलं पहिल्या क्रमांकाचं बंदर. हजला जाणारी जहाजं तिथूनच सुटत. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी मार्ग नंदुरबारवरून जात होता. समुद्रातून आलेला माल बैलांच्या पाठीवरून आपल्या गावातून पुढे जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी खोऱ्यातली रेल्वे झाली आणि सुरत आणखी जवळ आली. आजही आपल्या पोरांचा समुद्र मुंबईचा नाही, तो सुरतेजवळच्या डुमसचा आहे.

दुसरा संबंध स्मरणाचा आहे. नवापूरकडच्या कोकणा बांधवांमध्ये एक परंपरा सांगतात, की आपले पूर्वज दुर्गादेवीच्या दुष्काळात कोकणातून वर आले. दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणजे चौदाव्या शतकाचा शेवट. परंपरेला इतिहासाचा पुरावा म्हणून वापरताना जपून वापरावं लागतं, हे मला मान्य आहे. पण सहाशे वर्षं डोंगरात राहिलेल्या समाजाने आपल्या नावात समुद्रकाठचा मुलूख जपून ठेवावा, ही गोष्ट लहान नाही.

आता दुसरा मुद्दा. समुद्र नुसता बघायला जायचं, ही कल्पना मुळात फार जुनी नाही. आपल्याकडे समुद्र होता तो तीर्थाचा, अस्थिविसर्जनाचा. कोळी बांधवांचा होता तो पोटाचा आणि नारळी पौर्णिमेचा. व्यापाऱ्याचा होता तो जोखमीचा. उच्चवर्णीयांना तर समुद्र ओलांडायलाच बंदी होती, आणि परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागे. वाळूत बसून लाटांकडे बघत राहणं हे कुणाच्याच यादीत नव्हतं. युरोपातही तसंच. आलँ कोर्बँ नावाचे फ्रेंच इतिहासकार आहेत. त्यांनी 1988 साली याच विषयावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपीय माणसाला समुद्रकिनारा भीतीदायक वाटत होता. महाप्रलयाची उरलेली खूण, असं ते त्याच्याकडे बघत. मग 1750 च्या सुमारास इंग्लंडमधले डॉक्टर समुद्रस्नान हे औषध म्हणून लिहून द्यायला लागले, ब्रायटनसारखी गावं त्यावर उभी राहिली, आणि औषधाची हळूहळू मौज झाली.

त्याच शतकाच्या शेवटी, 1790 साली, कांटने 'उदात्त' या कल्पनेची चिकित्सा केली. खवळलेला समुद्र हे त्याच्या उदाहरणांपैकी एक. कांट म्हणतो, असं दृश्य आपल्याला आकर्षक वाटतं, पण एका अटीवर. आपण सुरक्षित जागी उभे असलं पाहिजे. हा मुद्दा लक्षात ठेवा. समुद्र सुंदर दिसायला बघणाऱ्याला सुरक्षित जागा लागते. मी ही गोष्ट वर्गात तीस वर्षं शिकवली. तिचा अर्थ मला फार उशिरा कळला.

आता फोटोग्राफीकडे येऊ. फोटोचा शोध युरोपात 1839 मध्ये जाहीर झाला आणि वर्षभरात कॅमेरा हिंदुस्थानात आला. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आपल्याला माहीत आहेत, त्यांचे भाऊ नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज छायाचित्रकार होता. 1863 ते 1866 या काळात त्याने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यातली गंमत बघा. माणसांचे फोटो एका ठिकाणी काढलेले, पाठीमागचं दृश्य दुसऱ्याच ठिकाणचं, आणि दोन्ही जोडून एक चित्र केलेलं. म्हणजे आज आपली पोरं मोबाईलवर करतात तेच. पण फरक मोठा आहे. जॉन्सनच्या पुस्तकात कोणाच्या मागे काय असावं, हे कोणी ठरवलं? जॉन्सनने. समोर उभ्या असलेल्या माणसाला कुणी विचारलं नाही.

हा हक्क सामान्य माणसाकडे आला तो स्टुडिओच्या पडद्यामुळे. आमच्या पिढीला हे सांगायला नको. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार बघायचा, पाळण्यात बसायचं आणि फोटोच्या तंबूत शिरायचं. तिथे रंगवलेले पडदे टांगलेले असत. ताजमहाल, बाग, विमान, मोटारगाडी आणि समुद्र. 1963 साली मी आणि माझा थोरला भाऊ, आम्ही समुद्र निवडला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. मागे नारळाची दोन झाडं, एक होडी, आणि लाटा अशा, की जणू नांगरानं पाडलेले तास, सगळ्या एका रेषेत. ज्याने पडदा रंगवला त्याने बहुधा समुद्र पाहिलेला नव्हता. आम्हीही नव्हता. फोटो काढणाऱ्यानेही नसावा. तीन अडाण्यांनी मिळून केलेला समुद्र! पण फोटोत आमचे चेहरे बघा. आम्ही अगदी समुद्रावर उभे आहोत.

याला खोटं म्हणायचं का? बरीच वर्षं मी म्हणत होतो. तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे सत्य आणि आभास यांत काहीतरी फरक केल्याशिवाय झोप येत नाही. पण ख्रिस्तोफर पिनी नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाचं 1997 चं एक पुस्तक वाचनात आलं. त्यांनी मध्य प्रदेशातल्या नागदा या गावात राहून तिथल्या स्टुडिओंचा अभ्यास केला. नागदा म्हणजे आपल्यासारखंच, समुद्रापासून लांब. मला त्या पुस्तकातून समजलं ते असं, की स्टुडिओत जाणारा माणूस 'मी जसा आहे तसा' नोंदवायला जात नाही. मी आणखी काय होऊ शकतो, हे तो पडद्यासमोर उभा राहून करून बघतो. म्हणजे पडदा हा पुरावा नव्हताच, ती इच्छा होती. आणि इच्छेला खरीखोटी म्हणता येत नाही. पुरी झाली की नाही, एवढंच विचारता येतं.

मग इच्छा पुरी व्हायचे दिवस आले. शाळा-कॉलेजच्या सहली निघायला लागल्या. एसटीची गाडी ठरवायची, रात्रभर प्रवास, आणि सकाळी मुंबई. राणीची बाग, गेटवे, चौपाटी. गेटवेवर गळ्यात कॅमेरा अडकवलेले फोटोग्राफर असत, पत्ता लिहून घेत आणि फोटो पोस्टाने पाठवत. एखाद्या शिक्षकाकडे आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा असे. त्याच्या रोलवर 12 फोटो निघायचे. चाळीस मुलं आणि 12 फोटो! म्हणून सगळे एकत्र, तीन रांगांत, पुढे लहान आणि मागे उंच. समुद्र फोटोत असे तो दोन डोक्यांच्या मधल्या फटीत. पुढे हॉट शॉट कॅमेरे आले, 36 फोटोंचे रोल आले, आणि पोरं दोघंदोघं, तिघंतिघं उभी राहू लागली. समुद्र फोटोत जरा रुंद झाला. माणसाला एकट्याने समुद्रासमोर उभं राहायला मिळालं, ते मोबाईलमध्ये कॅमेरा आल्यावर. हा क्रम लक्षात घ्या. आपल्याकडे एकट्याचा फोटो ही चैन होती.

एक फोटो वेगळा आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1930 चा दांडीचा समुद्र. दांडी नवसारीजवळ, म्हणजे मुंबईपेक्षा आपल्याला जवळ. 12 मार्चला साबरमतीहून निघालेले गांधीजी 24 दिवस चालून तिथे पोचले आणि 6 एप्रिलला मीठ उचललं. सुरुवातीला त्यांच्याबरोबर 78 सत्याग्रही होते, आणि त्यांत बरेचसे तरुण होते. त्या यात्रेचे फोटो जगभर छापले गेले. तोपर्यंत हिंदुस्थानातल्या समुद्राचे फोटो म्हणजे बंदरं, जहाजं आणि साहेबांची हवा खाण्याची जागा. त्या फोटोंनी किनारा सामान्य माणसाचा केला. आणि जिथे समुद्र नव्हता तिथे काय झालं? महाराष्ट्राच्या आतल्या भागात लोकांनी मिठाऐवजी जंगलचा कायदा मोडला. समुद्र नाही म्हणून कोणी घरी बसलं नाही. आमच्या खानदेशात साने गुरुजींनी अमळनेरची शिक्षकाची नोकरी सोडून याच लढ्यात उडी घेतली आणि धुळ्याच्या तुरुंगात गेले. कोकणात जन्मलेला हा माणूस खानदेशात येऊन खानदेशचा झाला, हेही जाता जाता आठवावं.

आता आजच्या तरुणांकडे येतो. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या आसपास, आणि त्यात जवळजवळ सत्तर टक्के आदिवासी. दिवाळी झाली की डोंगरातली कुटुंबं ऊसतोडीला बारडोलीकडे, दक्षिण गुजरातेत जातात. काही पोरं सुरतेला कामाला राहतात. एखाद्या सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवर डुमस गाठायचं, आणि फोटो. मी असे फोटो पुष्कळ पाहिले आहेत, कारण जुने विद्यार्थी आवर्जून दाखवतात. धुतलेला शर्ट, गॉगल, बऱ्याचदा मित्राचाच, आणि पाठ समुद्राकडे. डुमसची वाळू काळपट, पाणी गढूळ. पण फोटोत पोरगा राजा दिसतो. त्या फोटोत कोयता नाही, पाल नाही, मुकादम नाही, उचल नाही. तो दिवस त्याचा आहे.

एकदा मी एका पोराला चिडवलं होतं, "अरे, समुद्र बघायला गेला होतास की स्वतःला? फोटोत सगळीकडे तूच, समुद्राकडे तर पाठ!" तो हसला. म्हणाला, "सर, समुद्र तर तिथंच राहणार आहे. मी थोडाच राहणार आहे?"

उत्तर मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

याच्याशी जुळणारी एक गोष्ट जगात दुसरीकडे झाली आहे. रिनेके डाइक्स्ट्रा या डच छायाचित्रकार बाईंनी 1992 पासून किनाऱ्यावरच्या किशोरवयीन मुलामुलींचे फोटो काढले. अमेरिका, पोलंड, युक्रेन, अशा निरनिराळ्या देशांत. प्रत्येक फोटोत एखादं मूल, पोहण्याचे कपडे, मागे समुद्र. बास. मूल कॅमेऱ्याकडे बघतंय. हात कुठे ठेवावे हे त्याला कळत नाहीये. लहानपण सुटलंय आणि मोठेपण अजून अंगाला बसलेलं नाही, असं ते अवघडलेपण. समुद्र सगळीकडे तोच, एक आडवी रेघ. त्यामुळे होतं काय, की देश पुसला जातो आणि ते एकटं मूल तेवढं उरतं. ते फोटो पाहताना मला त्या पोराचं उत्तर आठवलं. पार्श्वभूमी जितकी मोठी आणि न बदलणारी, तितका समोरचा माणूस क्षणभराचा, आणि म्हणून मोलाचा. रोलाँ बार्थ या फ्रेंच विचारवंताने 1980 च्या त्याच्या पुस्तकात फोटोचं सार हेच सांगितलं, की फोटो एवढीच खात्री देतो: हे होतं. हा माणूस इथे होता. आमच्या पोराने ते न वाचता सांगितलं होतं.

आता माझी चूक.

1993 च्या जानेवारीत मी आणि माझे काही सहकारी प्राध्यापक नर्मदाकाठच्या एका गावात गेलो होतो. सरदार सरोवराचं पाणी चढायला लागणार, अशी चर्चा होती. महाराष्ट्रातली 33 गावं त्या बुडितात येणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. धडगाववरून पुढे डोंगर उतरून पायी गेलो. त्या गावच्या लोकांनी आम्हाला भाकर दिली, रात्री अंगणात झोपायला जागा दिली. माझ्या गळ्यात कॅमेरा होता, 36 फोटोंचा रोल भरलेला. पुढे पाणी आलं, वर्षावर्षाने चढत गेलं. 2017 मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि 2019 मध्ये ते पहिल्यांदा 138.68 मीटर या पूर्ण उंचीपर्यंत भरलं. आता तिथे दोन डोंगरांमध्ये लांबच लांब पाणी आहे. माणसं होडीनं जातात, दवाखानाही बोटीतला. आमच्याकडची काही मंडळी कौतुकाने म्हणतात, "अगदी समुद्रासारखं दिसतं हो!"

काही वर्षांपूर्वी तळोद्याकडच्या एका पुनर्वसन वसाहतीतला एक तरुण माझ्या घरी आला. त्याच्या वडिलांनी त्याला सांगितलं होतं, की एकदा कॉलेजचे सर लोक आपल्या गावात येऊन गेले, एकाकडे कॅमेरा होता. तो मला म्हणाला, "सर, आमच्या घराचा फोटो असेल का तुमच्याकडे? माझा आजा तेव्हा होता. मी आज्याला पाहिलं नाही." मग त्याने त्याच्या मोबाईलवरचे फोटो दाखवले. डुमसच्या समुद्रासमोरचे त्याचे स्वतःचे आठ-दहा फोटो होते. त्याच्या गावाचा एकही नव्हता.

मी माळ्यावरची पेटी काढली. त्या रोलचे 36 फोटो मिळाले. त्यात नर्मदेचे सतरा फोटो आहेत. सूर्योदय आहे, धुकं आहे, पाण्यातलं डोंगराचं प्रतिबिंब आहे. आम्हा प्राध्यापकांचे नदीकाठचे फोटो आहेत. सागाची झाडं आहेत. एका फोटोत लांबवर, डोंगराच्या उतारावर, एक झोपडी दिसते, नखाएवढी. माणूस एकही नाही. ज्यांनी मला भाकर दिली त्यांच्यातला एकही नाही. मी त्या पोराला ती नखाएवढी झोपडी दाखवली. त्याने फोटो खिडकीशी नेला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ही आमची असेल का?" मला सांगता आलं नाही.

मित्रहो, त्या दिवशी मला कांटची अट कळली. समुद्र, नदी, डोंगर उदात्त दिसायला सुरक्षित जागा लागते. मी त्या गावात सुरक्षित होतो. माझं घर बुडणार नव्हतं. म्हणून मला दृश्य दिसलं. ज्याचं घर बुडणार होतं त्याच्या हातात कॅमेरा असता, तर त्याने कशाचा फोटो काढला असता? आईचा. बैलांचा. दाराचा. नदी मागे आपोआप आली असती. चिडवलेल्या त्या पोराचं बरोबर होतं, प्राध्यापकाचं चुकलं होतं. माणसाशिवायचा समुद्र कुणालाही, कधीही मिळतो. कॅलेंडरवर मिळतो. त्याच्यासमोर उभा असलेला माणूस पुन्हा मिळत नाही. पडद्यासमोर उभं राहून आम्ही जी इच्छा केली, तिला तरुण पिढीने पाय दिले, ती खऱ्या किनाऱ्यावर जाऊन उभी राहिली. "आम्ही इथे होतो" असं म्हणण्याची पाळी ज्यांच्यावर कधी आलीच नव्हती, ती माणसं आज ते म्हणताहेत. त्याला उथळपणा म्हणायची घाई आपण करू नये.

एवढं बोलून मी दोन विनंत्या करतो. पहिली तरुणांना. फोटो काढा, जरूर काढा, पण डोंगरातल्या, शेतातल्या घराचाही काढा. आजीचा काढा, तिचं नाव आणि गाव लिहून ठेवा. दुसरी आपणा सगळ्यांना. घरातले जुने फोटो या वाचनालयात आणा, त्यांची प्रत करून ठेवू. मागच्या बाजूला कोण, कुठे, कधी, हे पेन्सिलने लिहा. सुरुवात म्हणून माझा तो 36 फोटोंचा रोल मी आज इथे देतो आहे. कोणाला ती झोपडी ओळखता आली, तर मला निरोप द्या.



(श्रोत्यांतून एका शिक्षिकेचा प्रश्न: सर, तुम्ही सेल्फीचं समर्थन केलंत. पण मुलं त्यापायी जीव गमावतात, त्याचं काय?)

बाईंचा प्रश्न रास्त आहे. 2016 च्या जानेवारीत मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडवर सेल्फी काढताना मुली पाण्यात पडल्या, त्यांना वाचवायला उडी मारणारा माणूसही गेला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी काही जागा धोक्याच्या म्हणून जाहीर केल्या. पुढच्याच महिन्यात, 1 फेब्रुवारीला, मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले डझनभराहून जास्त विद्यार्थी बुडाले. दुसऱ्या घटनेकडे नीट बघा. तिथे दोष कॅमेऱ्याचा नव्हता. ती घाटावरची मुलं होती, समुद्राची ओळख नसलेली. भरती कधी, ओहोटी कधी, ओहोटीचं पाणी पायाखालून कसं ओढतं, हे कोळ्याच्या पोराला लहानपणी कळतं. आपल्या पोराला कोण सांगणार? आपला समुद्र पडद्यावरचा, त्याच्या लाटा हलत नव्हत्या. म्हणून सहल नेण्याआधी वर्गात एक तास भरती-ओहोटीवर घ्या. किनाऱ्यावर पोचलात की आधी तिथल्या कोळ्याला विचारा, कुठवर जायचं. आणि फोटो काढताना एकाने तरी समुद्राकडे तोंड करून उभं राहावं. बाकीच्यांनी खुशाल पाठ करावी.